मोटर सुटेपर्यंत

इचलकरंजीत यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेल्या मालविकाला चौतीस वर्षांची होईपर्यंत पोहता येत नव्हतं. वडील वासुदेवराव माग दुरुस्त करायचे, त्यामुळे पाना-ग्रीसची तिला लहानपणापासून सवय. पाण्याची मात्र भीती. मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, लग्न झालं, आणि १९९४ साली ती शशिधरच्या मागोमाग जर्मनीतल्या कार्ल्सरूहेला आली. तो सॉफ्टवेअरमध्ये. पुढे तिलाही युनिव्हर्सिटीच्या धातूतपासणीच्या लॅबमध्ये टेक्निशियनची नोकरी लागली. मुलगी सिया पाच वर्षांची झाली तेव्हा पोहण्याचा पहिला बिल्ला मिळवायला तिला दर शनिवारी तलावावर न्यावं लागायचं. काठावर बसून बसून कंटाळलेली मालविका एक दिवस स्वतःच पाण्यात उतरली. सियाला बिल्ला मिळाला आणि ती हॅन्डबॉलकडे वळली. आई मात्र तिथेच राहिली.

शिकवणारी मंडळी, कार्ल्सरूहेजवळ ऱ्हाइन नदीकाठी हे तिघं राहायचे त्या गावातल्या जलरक्षक पथकाची होती. सगळे स्वयंसेवक. हिच्या हातात पाना चालतो हे कळल्यावर तीन वर्षांत बोटीची देखभाल तिच्याकडे आली. गेरेटेवार्टिन, असं पद तिच्या नावापुढे कागदोपत्री लागलं. सासूबाईंनी फोनवर विचारलं, "म्हणजे काय गं?" तर ती म्हणाली, "आई, बोटीला सर्दी होऊ द्यायची नाही, एवढंच."

ते खरंच होतं. हिवाळ्यात बोटीपेक्षा मोटरीची काळजी जास्त. बोट ट्रेलरवर चढवून रस्त्यानं नेताना मागची मोटर वर उचलून अडकवावी लागते, नाहीतर तिचं खालचं टोक डांबरावर घासेल. पण शेडमध्ये आल्याबरोबर ती सरळ खाली सोडायची, म्हणजे आत राहिलेलं पाणी निथळून जातं. पाणी आत राहून गोठलं, की नदीचं पाणी वर ओढणारं छोटं रबरी चक्र बर्फात जखडतं. तशात मोटर चालू केली तर त्याच्या पाकळ्या तुटतात, थंड पाणी मिळत नाही, आणि मोटर भर प्रवाहात तापून बंद पडते. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मालविका हे दोनदा सांगायची.

२००९च्या जानेवारीतला पहिला रविवार. सराव आटोपून बोट शेडमध्ये लावली तोच सियाचा फोन आला. अंगात ताप, रडवेला आवाज. "मामा, वान कोम्स्ट डू?" आई, कधी येतेस, असं ती जर्मनमध्ये विचारत होती.

"आले गं, निघालेच," म्हणत मालविकानं शेडचं दार ओढलं आणि गाडीत बसली.

सोमवारपासून थंडीनं हाडं गोठवायला सुरुवात केली. बुधवारी सकाळी थर्मामीटर उणे सोळावर होता. दुपारी लॅबमधल्या शीतपेटीतून मालविकानं एक ओतीव तुकडा बाहेर काढला. मधोमध उभा तडकलेला. तो हातात धरला आणि तिला शेड आठवली. रविवारी मोटर खाली सोडली होती का? ती आठवू लागली. ट्रेलर आत घेतला, चाकांना ठोकळे लावले, फोन वाजला. त्यापुढे काही आठवेना.

साहेबांना काहीतरी सांगून ती निघाली. गाडीत स्वतःलाच समजावत होती, शेडमध्ये हीटर आहे, शून्याच्या वर दोन-तीन अंश ठेवतोच तो. दार उघडलं तर आतली हवा बाहेरच्यासारखीच बोचरी. फ्यूज उडाला होता. हीटर कधीपासून बंद, देव जाणे. आणि मोटर वरच अडकवलेली. खालच्या टोकाशी बोटाएवढी बर्फाची कांडी लोंबत होती.

तिनं मोटर खाली सोडली. वरचं झाकण काढून, खालच्या रबरी चक्राशी दांड्यानं जोडलेलं जाड चाक हातानं फिरवून पाहिलं. ते तसूभरही हललं नाही. पुन्हा जोर लावला. नाही.

"देवा," ती पुटपुटली. फ्यूज चढवून तिनं हीटर सुरू केला आणि मोटरीजवळ सरकवला. दोन तास गेले तर सुटेल. तेवढ्यात कमरेचा पीप्सर, पथकाला बोलावणारा पेजर, वाजला.

पाच मिनिटांत पथकप्रमुख गेरहार्ड आला, पाठोपाठ आन्या. गेरहार्ड साठीचा, निवृत्त पोस्टमन. आन्या दवाखान्यात नर्स. एक म्हातारा मासे धरायला छोट्या बोटीनं गेला होता, त्याची मोटर थंडीनं सुरू झाली नाही, प्रवाहानं बोट ओढत नेऊन जहाजांना वाट दाखवणाऱ्या नदीतल्या हिरव्या तरंगत्या बोयावर दाबून धरली होती. बोट भरत चालली होती. म्हातारा बोयाचा लोखंडी पिंजरा धरून होता. कार्ल्सरूहेच्या बंदरातली अग्निशामक बोट यायला पंचवीस मिनिटं लागणार होती.

"गेरहार्ड, मोटर गोठली आहे," मालविका म्हणाली. "माझ्यामुळे."

तो गाडीकडे वळला. "नंतर बोलू. जोड ट्रेलर."

उतरणीवरून ट्रेलर मागं घेत त्यांनी बोट पाण्यात सोडली. काठाशी काचेसारखा पातळ बर्फ करकरत फुटला. खाली तीनेकशे मीटरवर बोया दिसत होता आणि त्याला चिकटलेला एक निळा ठिपका. हाक ऐकू येत होती. शब्द कळत नव्हते, पण हाक होती.

मालविकानं मोटर पाण्यात पूर्ण खाली सोडली आणि चावी काढून मुठीत घेतली.

"चालू कर!" गेरहार्ड ओरडला.

"नाही. नदीचं पाणी शून्याच्या वर आहे. बर्फ वितळू दे. आत्ता फिरवली तर चक्र तुटेल आणि आपण तिघंही खाली वाहत जाऊ."

आन्या शेडमधून किटली घेऊन धावत आली. "उकळतं आहे, ओतू?"

"नको! गोठलेल्या धातूवर उकळतं ओतलं तर तडकेल." हे ती लॅबमध्ये शंभरदा पाहत आली होती.

"मग वल्ह्यांनी जाऊ," गेरहार्ड म्हणाला.

"पोचू. पण बोया चुकला तर परत कसं येणार? ते बघ." खालच्या वळणावरून एक मालवाहू जहाज वर येत होतं. गेरहार्डनं वल्हं खाली ठेवलं.

मालविकानं घड्याळ पाहिलं. एक मिनिट. झाकण काढून चाक फिरवलं. घट्ट. दोन मिनिटं. घट्ट. हातमोजे काढलेले, बोटं बधिर झालेली. तिच्या मनात एकच चाललं होतं. मी चुकत असले तर? बर्फ आतल्या बाजूला जास्त असला, दहा मिनिटं लागली, पंधरा लागली, तर? समोर एक माणूस मरतोय आणि चावी माझ्या मुठीत आहे.

तिसऱ्या मिनिटाला म्हाताऱ्याची हाक थांबली.

आन्यानं तिच्याकडे पाहिलं. गेरहार्ड उभ्यानं दुर्बीण लावून होता. "अजून धरून आहे," तो म्हणाला. मग, "मान खाली टाकली."

"मालविका, चावी फिरव. हा हुकूम आहे."

"नाही फिरवणार."

अशी ती आयुष्यात कुणाशी बोलली नव्हती. चौथं मिनिट. चाक घट्ट. पाचव्याला काहीतरी किंचित सरकल्यासारखं वाटलं. तिला वाटलं आपलीच बोटं सरकली. तिनं दोन्ही तळवे चाकावर टेकले, अंगाचा भार टाकला आणि दात-ओठ खाऊन रेटलं. आत कुठेतरी कट् असा आवाज झाला. तुटलं की सुटलं? चाक हळूहळू, जडपणे, पूर्ण एक फेरा फिरलं. मग दुसरा.

सहाव्या मिनिटाला तिनं झाकण बसवलं आणि चावी लावली. मोटर दोनदा खोकली, तिसऱ्यांदा धरली. सगळे मोटरीच्या बाजूच्या त्या बारीक भोकाकडे बघत होते. तिथून पाण्याची धार आली तर चक्र शाबूत, नाहीतर सगळं संपलं. काहीच नाही. काहीच नाही. मग एक थुंकी, आणि मग करंगळीएवढी स्वच्छ धार.

"जा!" ती किंचाळली, मराठीतच. गेरहार्डला शब्द कळला नाही, पण अर्थ कळला.

बोयाशी पोचेपर्यंत ती मागं वळून त्या धारेकडेच बघत होती. गेरहार्डनं बोट प्रवाहाविरुद्ध धरली, आन्या आणि तिनं म्हाताऱ्याला काखेत धरून ओढलं. हात पिंजऱ्याला इतके चिकटले होते की एकेक बोट सोडवावं लागलं. डोळे उघडे, पण ओळख नाही. कमरेखालचे कपडे लाकडासारखे ताठ. त्याला पोटाशी घट्ट धरून मालविका बोटीच्या तळाशी बसली आणि "श्वास घ्या हो आजोबा, श्वास घ्या," असं मराठीतच म्हणत राहिली.

म्हातारा जगला. डाव्या हाताची दोन बोटं मात्र डॉक्टरांना काढावी लागली.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर तिनं शशिधरला सगळं सांगितलं. "अहो, सहा मिनिटं आधी पोचलो असतो तर बोटं राहिली असती का?" त्यानं चहा केला. तो तिच्यापुढे तसाच गार झाला. सियाचा ताप उतरला होता. ती दारात उभी राहून ऐकत होती. मग येऊन आईच्या कुशीत शिरली.

पुढच्या आठवड्यात पथकाची बैठक झाली. मालविकानं उभं राहून रविवारचं सगळं सांगितलं: मोटर वर राहिली, हीटर पाहिला नाही, पद सोडायला तयार आहे. मग गेरहार्ड म्हणाला, "हीटर मीही पाहिला नव्हता. पद राहू दे." त्यानं अहवाल पुढे सरकवला. काठावर थांबल्याच्या रकान्यात त्यानं तीन मिनिटं लिहिली होती.

"सहा होती," ती म्हणाली.

"कुणी मोजलेली नाहीत, मालविका."

"मी मोजली आहेत. सहा लिही."

त्यानं पेन उचललं आणि तीन खोडून सहा लिहिलं. तिनं खाली सही केली.