रेघेवरचा अंगठा

वर्तमानपत्रात आलेख दिसला, की आमचे भास्करराव सर आधी त्याच्या रेघेवर अंगठा ठेवायचे. रेघ झाकायची आणि नुसत्या कडा वाचायच्या: आडवं काय मोजलंय, उभं काय मोजलंय. "आधी धुरा बघा, मग पीक," म्हणायचे; धुरा म्हणजे शेताचा बांध. पालमच्या कॉलेजात ते संख्याशास्त्र शिकवत, मी संगणक. शिकवण्याची खुमखुमी इतकी, की चहा प्यायला आलेला माणूसही सुटत नसे.

करोनाच्या दिवसांत आम्ही दोघांनी देशोदेशीच्या साथीची तुलना करणारं एक वेबपान केलं. मी सगळ्या देशांच्या रेघा तारखेनुसार मांडल्या. दिसायला झकास! सरांनी अंगठा ठेवला आणि वैतागले. "मॅडम, झरीचा कापूस अन् पालमचा कापूस एकाच दिवशी पेरतेत का? पेरल्यापासून दिवस मोजा."

मग प्रत्येक रेघ बोटानं मागेपुढे सरकवता येईल, अशी सोय केली. साथ जिथून वर वळली, ते टोक दुसऱ्या देशाच्या तशाच टोकाशी जुळवायचं. सरकवायचं काम सर कधीच स्वतः करत नसत. "आपण सांगितलेलं पटत न्हाई. त्यांच्या बोटानं सरकू द्या."

पहिली लाट ओसरली आणि सरांच्या मुलीचं लग्न ठरलं. थोरले बंधू दत्तादादांनी त्यांच्या गावाला, अख्ख्या झरीला, जेवण सांगून टाकलं. बाहेरच्या काही देशांत साथ पुन्हा उसळली होती. सर म्हणाले, लग्न घरातल्या घरात उरकू. दादा भडकले.

"आपली रेघ तळाला निजलीय, अन् तू मांडव काढायलास?"

सरांनी मोबाइल त्यांच्या हातात दिला. "दादा, तूच सरकव."

दादांनी परदेशातली एक रेघ ओढून आपल्या रेघेच्या सुरुवातीशी आणली. दोन्ही एकीवर एक बसल्या. आपली उतरून तळाला थांबली, परदेशातली तळाहून पुन्हा सरळ वर चढत गेली. दादांनी मोबाइल परत दिला. मांडव निघाला, लग्न घरातच झालं, पण अक्षता टाकून ते न जेवताच उठून गेले. सरांना ते फार लागलं.

"भाऊ रुसला म्हणून रेघ बदलत न्हाई, मॅडम," एवढंच म्हणाले.

दुसरी लाट आली ती आपण सगळ्यांनीच सोसली. त्या लग्नापायी झरीत कुणी आजारी पडलं नाही. हे आलेखामुळे, असं सर कधी म्हणाले नाहीत. मी म्हणते.

साथ सरल्यावर सरांच्या नातवाच्या बारशाला अख्खी झरी जेवायला बसली. दादा स्वतः वाढत होते. सर पानावर बसूनही या टोकापासून त्या टोकापर्यंत पंगत न्याहाळत होते. दादांनी हातातली बुंदीची परात खाली ठेवली, एक पान मागवलं आणि सरांपाशी येऊन उभे राहिले.

"सरक जरा. माझं त्या दिवशीचं जेवण ऱ्हायलंय."