काढताना काळी आधी

आत्याबाई गेल्याचं कळलं तेव्हा मी सातवीच्या वर्गात चुंबकाचा धडा शिकवत होते. शिपाई दारात येऊन उभा राहिला आणि त्यानं डोक्यावरची टोपी काढली, तेव्हाच मी समजले. घरी आले तर मधल्या खोलीत, चोरघंटीच्या पेटीखाली, रोजच्या चटईवर त्या कुशीवर निजलेल्या होत्या. दुपारची झोप लागावी तशाच. शेजारच्या रजियाभाभी त्यांच्या पायाशी बसल्या होत्या आणि पेटीवरचा तांबडा दिवा नेहमीसारखा मंद जळत होता... आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना जाऊन आता सहा आठवडे होत आले. मागच्या शनिवारी लाईट गेली आणि तो तांबडा दिवा मिणमिणायला लागला, तेव्हा लक्षात आलं की घंटीची बॅटरी संपत आली आहे आणि ती बदलणारं माणूस आता घरात नाही.

पूर्ण्यात आमचं घर रेल्वेलाईनीच्या कडेला, अगदी टोकाला. हे मालगाडीवर गार्ड. एकदा गाडी घेऊन गेले की कधी परततील ते इंजिनालाच ठाऊक. आठ-नऊ वर्षांपूर्वी एकदा आम्ही सगळे बोरीला लग्नाला गेलो होतो आणि मागं घर फुटलं. पितळी भांडी गेली, माझ्या पाटल्या गेल्या, त्याचं आत्याबाईंना फारसं काही वाटलं नाही. पण ट्रंकेच्या तळाशी एका डब्यात त्यांचं मंगळसूत्र होतं, मामंजी गेल्यावर काढून ठेवलेलं. तेही गेलं. त्या रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत, फक्त त्यांची झोप उडाली. दाराची कडी जरा वाजली की उठून बसायच्या. शेवटी ह्यांनी बाजारातल्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला बोलावून दारांना तारा जोडल्या आणि घंटी बसवून घेतली. दार उघडलं की घंटी वाजणार. आमच्याकडे लाईट जाणं रोजचंच, म्हणून पेटीच्या खालच्या कप्प्यात मोटारसायकलची बॅटरी ठेवली. लाईट असली की ती भरत राहायची आणि लाईट गेली की घंटीची राखण तिच्याकडे. आत्याबाईंनी पेटीला कान लावला. आतून बारीक घुमल्यासारखा आवाज येत होता. "श्वास घ्यायलाय गं हे," त्या म्हणाल्या, तिथंच खाली चटई टाकली आणि दिवेलागणीपर्यंत गाढ झोपल्या.

बॅटरी पहिल्यांदा बदलायची वेळ आली ते नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते. गाड्या जागोजागी अडलेल्या, हे दोन दिवसांपासून कुठल्याशा स्टेशनात अडकून पडलेले. नवी बॅटरी घरात आणलेली होती आणि ती कशी बदलायची तेही ह्यांनी मला समजावून ठेवलं होतं. हातातलं, गळ्यातलं, धातूचं असेल ते सगळं आधी काढून ठेवायचं, ही त्यातली पहिली गोष्ट. मी घड्याळ काढलं आणि मंगळसूत्राला हात घातला, तोच आत्याबाई कडाडल्या.

"नवरा गाडीवर, भायेर हे असं चालूय, अन् तू गळ्यातलं काढायलीस व्हय?"

"आत्याबाई, वाकल्यावर ते लोंबून दोन्ही टोकांना लागलं तर ठिणग्या उडतील. तापलं तर गळा भाजेल."

मी शाळेत विज्ञान शिकवते. पण माझाही हात तिथंच थांबला होता, हे आज कबूल करते. मग त्यांनी पदर खोचला.

"सर बाजूला. माझ्या अंगावर काढायला काय ऱ्हायलंय आता? तू नुस्तं सांगत जा."

मला लाज वाटली. त्यांची दया आली म्हणून नाही, त्या इतक्या सहज म्हणाल्या म्हणून. पण मी सांगत गेले आणि त्या करत गेल्या. आधी भिंतीवरून रजियाभाभींना कळवलं, घंटी वाजली तर घाबरू नका. घंटीची चावी बंद केली, प्लग काढला, खिडक्या उघडल्या. बॅटरीतून वायू सुटतो, जवळ दिवा नको, असं मी म्हणाले तर त्यांनी देवापुढची समई उचलली आणि "देवा, जरा येळ अंधारात बस," म्हणत स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. पान्याच्या दांड्याला सायकलची फाटकी ट्यूब गुंडाळली. आधी काळी वायर सोडवायची आणि तिचं टोक चिंधीत बांधून बाजूला करायचं, मग लाल. जुनी बॅटरी आडवी होऊ द्यायची नाही, आत तेजाब असतं. ती त्यांनी दोन्ही हातांनी सरळ धरून, पाळण्यातून मूल काढावं तशी बाहेर काढली. नवी बसवताना उलटं, लाल आधी आणि काळी शेवटी. "काढताना काळी पयली, लावताना काळी शेवटची," त्या स्वतःशीच घोकत होत्या. टोकांना व्हॅसलीन चोपडलं, प्लग लावला, चावी फिरवली आणि त्यांनी स्वतः जाऊन मागचं दार उघडलं. घंटी अशी काही वाजली की लाईनीवरची कबुतरं उडाली. भिंतीपलीकडून रजियाभाभींनी हाक दिली, "खाला, हुआ क्या?" आणि आत्याबाई तितक्याच जोरात म्हणाल्या, "हुआ गं, हुआ!"

तेव्हापासून ते काम त्यांचं झालं. दर दोन वर्षांनी त्या न्हाऊनधुऊन बसायच्या, जवळ कुणाला फिरकू द्यायच्या नाहीत. एका संक्रांतीला माझ्याकडे हळदीकुंकू होतं. बायका जमल्या की आत्याबाई नेहमीप्रमाणे उठून मागच्या खोलीत गेल्या. त्याच आठवड्यात बॅटरीचीही पाळी आली. गल्लीतल्या दोघीतिघी बघायला म्हणून आल्या, तर त्यांनी त्यांना उंबऱ्यावरच अडवलं. "तिकडं मी भायेर, हितं तुमी भायेर. सवाष्णीचं काम न्हाई हे!" सगळ्या खळखळून हसल्या, मीही हसले. त्यांच्या तोंडावर मात्र असा रुबाब होता, जणू जन्मात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना मानाचा पाट दिला आहे. नंतर एकटी भांडी घासताना मला फार वाईट वाटलं. हळदीकुंकवाला त्यांना बोलवायला म्हणून मागच्या खोलीचं दार मी कधी उघडलं नव्हतं...

ह्या वर्षी थंडीत त्यांचे हात कापायला लागले. गरम पाण्याची वाटी धरली तरी पाणी हिंदकळायचं. एक दिवस चटईवर पडल्या पडल्याच त्या म्हणाल्या, "औंदा बॅटरी तू बदल."

"आणि गळ्यातलं?"

त्या बराच वेळ तांबड्या दिव्याकडे बघत राहिल्या. यार्डात कुठलंसं इंजिन लांब शिट्टी देऊन थांबलं.

"काढून ठिव, पोरी. मी तर न्हातानाबी काढलं न्हवतं... म्हणून कुठं थांबले तुझे मामंजी?"

इतकंच बोलून त्या कूस बदलून झोपल्या. पुढं तो विषय निघाला नाही.

काल रविवार होता. हे आदल्या दिवशीच ड्यूटीवर गेलेले. दुपारी मी समई आत नेली, खिडक्या उघडल्या, घड्याळ काढलं. पेटीच्या बाजूला आत्याबाईंच्या चष्म्याचा खिळा आहे. त्याच्यासमोर मी बराच वेळ उभी राहिले. मग मंगळसूत्र काढलं आणि त्या खिळ्याला अडकवलं. मान एकदम हलकी झाली आणि भीतीही वाटली, दोन्ही खरं. काळी आधी, मग लाल. लाल आधी, मग काळी. ओठ आपोआप घोकत होते, आणि एकदा तर मला वाटलं, मागून कुणीतरी "हळू गं" म्हणालं. चावी फिरवली, मागचं दार उघडलं. घंटी वाजली. भिंतीपलीकडून सवयीनं हाक आली, "खाला, हु..." आणि तिथंच तुटली.

मी घंटी बंद केली. "हुआ, भाभी," मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

मग मी चटई पसरली आणि पेटीखाली आडवी झाले. वर तांबडा दिवा लख्ख होता, आतून तो बारीक घुमणारा श्वास चालला होता आणि खिडकीतून येणारं ऊन हळूहळू भिंत चढत होतं. किती दिवसांत अशी झोप लागली नव्हती. जाग आली तेव्हा संध्याकाळ झाली होती, मंगळसूत्र खिळ्यालाच होतं, आणि बाहेर पायरीवर बसून हे बुटांच्या नाड्या सोडत होते.