उसन्या चुका

मला एका जागी बसवत नाही. वर्गात तर मुळीच नाही. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी आणि सातवी मी एकाच खोलीत शिकवते. सहावीला भागाकार घातला की सातवीकडे वळायचं, सातवीला उतारा दिला की परत सहावीकडे. मध्येच ऑफिसातून निरोप येतो की अमुक माहिती आजच ऑनलाइन भरायची आहे. घरी गेल्यावरही माझ्या स्वयंपाकघरात फेऱ्या चालूच असतात. नवरा म्हणतो, तू झोपेतही हजेरी घेतेस. घेत असेन. पण त्या वर्षी जिवाला जी चुटपुट लागली ती हजेरीमुळे नव्हती, एका मुलीमुळे होती.

ती सहावीत आली तेव्हाच लक्षात आलं होतं. गावतलावाच्या पारीला, म्हणजे मातीच्या बांधाला, लागून तिच्या घरची बांधी, धानाचं शेत. बाप, आई, काकू सगळे शेतात. मी फळ्यावर गणित लिहून मागे वळेपर्यंत तिचं उत्तर तयार असे, आणि उत्तर झालं की प्रश्न सुरू. एकदा मी आयताचं आणि त्रिकोणाचं क्षेत्रफळ शिकवलं, सगळ्यांनी सूत्र उतरवून घेतलं, तेवढ्यात ही उभी.

"मॅडम, आमची बांधी तं आयत नाई. एका बाजूनं तलावाची पार हाय, ते वाकडीच जाते. तिचं क्षेत्रफळ कसं काढाचं?"

"ते पुढच्या वर्गात येईल," मी म्हणाले.

पुढच्या वर्गातलं पुस्तक मीच शिकवते. त्यात तसलं काही नाही हे मला चांगलं माहीत होतं. खरं सांगायचं तर मला त्या क्षणी सुचलं नाही, आणि बत्तीस पोरांसमोर सुचलं नाही असं म्हणायची माझी तयारी नव्हती. पुढेही ती उभी राहिली की मी घाईनं सातवीकडे वळायचे. बावीस वर्षं नोकरी झालेल्या बाईला अकरा वर्षांच्या पोरीची भीती वाटत होती.

मग मी तेच केलं, जे एका खोलीत दोन वर्ग सांभाळणारे आम्ही सगळे करतो. तिला गटप्रमुख केलं. तिचं काम संपलं की मागे पडलेली सहा मुलं तिच्याकडे. त्यांचे पाढे तिनं घ्यायचे, वह्या तिनं तपासायच्या. माझ्या टेबलाला लागून तिला वेगळी जागा दिली आणि एक लाल पेनही दिला. सगळं सुरळीत झालं. वर्ग शांत, माझ्या ऑनलाइन माहित्या वेळेवर, आणि तिचे प्रश्न बंद. केंद्रप्रमुख शाळा बघायला आले तेव्हा ती फळ्यापाशी उभी राहून अपूर्णांक समजावत होती. ते खूश झाले. "मॅडम, तुमची अर्धी नोकरी तं हे पोरगीच करून राहिली," म्हणाले. मी हसले. संध्याकाळी घरी येऊन नवऱ्याला कौतुकानं सांगितलंसुद्धा.

सातवीत रोवणीच्या दिवसांत ती आठ दिवस शाळेत आली नाही. आमच्याकडे पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, उपटून बांधीत लावायची वेळ आली की अर्धा वर्ग रिकामा होतो, त्यात नवल नाही. पण मी चिडचिड करत राहिले. तिचा अभ्यास बुडतोय म्हणून नव्हे. टेबलावर वह्यांचा गठ्ठा वाढत होता म्हणून. हे मला तेव्हा कळलं नाही, आता लिहिताना लाज वाटते.

रोवणीनंतर घटक चाचणी झाली. वीसपैकी तिला नऊ मिळाले. माझं डोकंच फिरलं. शेतात राहून पोरगी सगळं विसरली असं वाटलं, आईबापांना बोलावून चांगलं सुनवायचं मी ठरवलं. पेपर पुन्हा काढला आणि उभ्या उभ्या वाचू लागले. एक छेद दोन अधिक एक छेद तीन, उत्तर दोन छेद पाच. वरच्यात वरचं मिळवलं, खालच्यात खालचं. ही चूक माझ्या ओळखीची होती. खिडकीपाशी बसणारा मुलगा वर्षभर हीच करत होता. पुढच्या गणितात शून्य दशांश पंचवीस हे शून्य दशांश पाचपेक्षा मोठं ठरवलेलं, कारण पंचवीस पाचाहून मोठे. ही दाराजवळच्या मुलीची. वजाबाकीत वरचा आकडा लहान म्हणून सरळ खालच्यातून वरचा वजा केलेला. ही त्या दोन भावांची, दोघेही तशीच करतात.

मी खुर्चीत बसले. एकही चूक तिची स्वतःची नव्हती. ज्यांच्या वह्या ती तपासायची त्यांच्या चुका तिनं एकेक उचलून नीट आपल्या पेपरात मांडल्या होत्या. आणि इतक्या बिनचूक, की मला त्या करायला सांगितल्या असत्या तर मी कुठेतरी अडखळले असते.

दुपारची खिचडी झाल्यावर मी तिला व्हरांड्यात बोलावलं. पेपर पुढे धरला. रागावायचंच ठरवलं होतं, आवाजही चढवला.

"हे मुद्दाम केलं ना? काहून केलं असं?"

ती पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत राहिली. मग म्हणाली, "मले हुशार नाई राहाचं, मॅडम."

"म्हणजे?"

"हुशार राहिलं का वह्या तपासा लागते. पोरी म्हणते तू मॅडमची हायस, आमच्यात येऊ नोको. आन् मले तं नवीन काईच भेटत नाई. वर्षभर तेच पाढे ऐकून राहिली मी."

मी पेपर खाली घेतला. तिनं वर बघितलं नाही. "कमी मार्क भेटले का तुमी दुसऱ्या कोनाले गटप्रमुख करान," ती हळूच म्हणाली.

त्या दुपारी मी काय शिकवलं ते मला आठवत नाही. खडू मोडत होते, फळा पुसत होते, पुसलेलाच परत पुसत होते. माझं माहेर विणकराचं. मोहाडीकडच्या आमच्या घरात दोन माग होते आणि बाबांच्या हाताखाली चार माणसं. त्यांच्यात एक हात फार चांगला होता. बाबांनी त्याला कधी साधं जाडं कापड विणायला बसवलं नाही. त्याला करवती काठाचंच काम. ते जमलं की त्याहून बारीक. आई म्हणायची, त्याच्याकडून चार जास्तीची पातळं काढून घ्या की. बाबा म्हणायचे, जाड्या कामानं त्याचा हात जड होईल. हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलेलं. आणि माझ्या वर्गात एक चांगला हात आला तेव्हा मी त्याला दुसऱ्यांचं गुंतलेलं सूत सोडवायला बसवलं होतं.

शाळा सुटताना मी तिची वही चाळली, तर शेवटच्या पानावर एक वाकडा आकार काढलेला होता, आत ओळीनं आकडे. विचारलं तर आधी लपवायला लागली. मग म्हणाली, बांधी आहे. रोवणीच्या त्या आठ दिवसांत तिनं बांधीच्या कोपऱ्यात चार पावलं लांब, चार पावलं रुंद तुकडा आखून त्यात पऱ्ह्यांच्या किती जुड्या लागतात ते मोजलं होतं. मग सबंध बांधीला किती जुड्या लागल्या ते. त्यावरून सबंध बांधीत तसे तुकडे किती. मी "पुढच्या वर्गात येईल" म्हणून टाळलेला प्रश्न तिनं चिखलात उभं राहून सोडवला होता.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी टेप आणि दोरी घेऊन त्यांच्या बांधीवर गेले. तिची आई धुऱ्यावर, बांधीच्या काठावर, गवत कापत होती. मला बघून कौतुकानं म्हणाली, "या मॅडम. हे पोरगी तं घरी सांगते का मॅडमची शाळा मीच चालवतो म्हनून." मी कसंनुसं हसले. खरंच तर होतं.

आम्ही दोघींनी त्या वाकड्या बांधीचे दोरीनं त्रिकोण पाडले. मी दोनदा धुऱ्यावरून घसरले, माझी साडी गुडघ्यापर्यंत चिखलानं माखली, आणि ती पोटभर हसली. तिला हसताना मी वर्षभरात पाहिलं नव्हतं. माझं उत्तर तिच्या जुड्यांच्या उत्तराशी जुळेना. ती बांधीच्या काठानं दोन चकरा मारून आली आणि म्हणाली, "आई दाट लावते, काकू विरळ लावते. मी मोजलेला तुकडा आईचा होता." मग तिथंच उकिडवी बसून काकूच्या बाजूचा वेगळा हिशोब मांडू लागली. ऊन चढलं, आई जेवायला बोलवून थकली, ती उठेना.

सोमवारी मी तिची वेगळी जागा मोडली. मागे पडलेल्या मुलांसाठी मुख्याध्यापकांकडून रोज अर्धा तास मागून घेतला. ते कुरकुरले, पण त्या मुलांना घेऊन बसू लागले. तिच्यासाठी मी कोडी शोधू लागले. जुनी पुस्तकं काढली, शहरातल्या एका मैत्रिणीला फोन करून भंडावून सोडलं. वाटलं, झालं सगळं ठीक.

पंधराच दिवसांनी निवडणूक याद्यांचं काम आलं. ऑफिसातून हाक, हातात तीस वह्या, आणि माझा हात आपोआप तिच्याकडे गेला. ती कोड्यात गुंतली होती. तिनं पेन्सिल ठेवली आणि गठ्ठा घेतला. मी ऑफिसात जाऊन अर्धा तास नावं भरली, तेव्हा कुठे मला कळलं मी काय केलं ते. धावत वर्गात आले. दहा वह्या तपासून झाल्या होत्या.

"दे इकडे," मी म्हणाले. "चुकलं माझं."

"असू द्या मॅडम," ती म्हणाली. "मले सवय हाय."

त्या दिवसापासून मला आधीच्या वर्षांतली मुलं आठवतात. किती जणांच्या हातात मी लाल पेन दिला, त्यातल्या किती जणांनी गुपचूप आपलं डोकं झाकून ठेवलं, मला काय माहीत? त्यांचे पेपर कधी उभ्या उभ्या वाचले नव्हते. बाजारात त्यांच्यातलं कोणी भेटलं आणि आदरानं वाकलं की मी घाईघाईनं पुढे सरकते.

दुसरी घटक चाचणी झाली. गठ्ठ्यात तिचा पेपर मी शोधून वर घेतला आणि खिडकीपाशी उभी राहिले. पहिलं गणित बरोबर. दुसरं, तिसरं बरोबर. खिडकीजवळच्या मुलाची चूक नाही, दोन भावांची नाही. सगळ्यात शेवटी मी तिच्यासाठी म्हणून एक जास्तीचं गणित घातलं होतं, तलावाच्या गोल काठाचं. त्याखाली तिनं अर्धं पान आकृत्या काढल्या होत्या, खोडल्या होत्या, परत काढल्या होत्या. कागद एका जागी फाटला होता. आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: "मॅडम, हे खरंच नाही आलं."

मी ते तीनदा वाचलं. डोळे भरून आले, मग स्वतःचाच राग आला, मग हसू. लाल पेन हातात तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला मी ते गणित फळ्यावर लिहिलं आणि सगळ्या वर्गाला सांगितलं की हे मलाही पुरतं येत नाही. ती तिसऱ्या ओळीतून उठली आणि खडू मागायला पुढे आली.