पाहुण्यांना दाखवायच्या मॅडम

“दोन मिनिटं हसलीस तर झिजणार आहेस का तू?” सासूबाईंचा आवाज चांगलाच चढला होता.

“आई, नोकरीला लागल्यापासून हसतेच आहे. गाल दुखायला लागले आता,” मॅडम म्हणाल्या आणि घातलेली ॲप्रनची घडी मोडून पुन्हा घालू लागल्या.

नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर लोकांचे नंबर काढणाऱ्या त्या गृहस्थाला घरातलं भांडण मात्र दिसत नसे. त्यानं पेपर उघडला.

मॅडम मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवत. त्यांच्या अल्पसंख्याक समाजातून तिथं शिकवणाऱ्या त्या एकट्याच. त्यामुळे माहितीपत्रकावर त्या, फाटकावरच्या फलकावर त्या आणि प्रत्येक समितीवरही त्याच. संशोधन कधी करता, असं मुलाखतीत विचारायलाही त्यांना समित्यांवर नेमणारीच माणसं.

समाजाचे विद्यार्थी पाच. पण कॉलेजच्या तपासणीला पाहुणे येत त्या दिवशी ते पन्नास वाटत. पाहुणे पुढच्या जिन्यानं रमतगमत वर जात, तोवर या पाचांना मागच्या जिन्यानं पळवत पुढच्या प्रयोगशाळेत नेऊन बसवत. मागच्या खेपेला एका पाहुण्यांनी एकाच मुलाची तीनदा पाठ थोपटली आणि काळजीनं विचारलं, “तुमच्यात सगळ्यांनाच अशी धाप लागते का हो?”

यंदा पहिल्या वर्षाला आलेली एक मुलगी फोटोत छान येई. झालं! प्रदर्शनात ती, रेडिओवर ती, गावोगावच्या कॉलेजांत “आम्हाला मिळणारा आधार” या विषयावर भाषण द्यायलाही तीच. या आधारापायी तिची विच्छेदनाच्या तासांची हजेरी कमी भरली आणि आज तिला परीक्षेला बसायची मनाई झाली.

“तिला वर्गातून तुम्हीच नेत होता, सर,” मॅडम डीनसाहेबांना म्हणाल्या होत्या.

“त्याचं प्रमाणपत्र दिलंय की तिला! पण नियम सगळ्यांना सारखा. समानता म्हणतात ती हीच ना?” मग साहेबांनी आवाज खाली आणला. “उद्याचं पाहुण्यांचं तेवढं नीट पार पडू द्या. तुमच्या प्रोफेसरपदाची फाइल माझ्याच टेबलावर आहे.”

बाहेर ती मुलगी उभी होती. डोळे सुजलेले. “मॅडम, उद्या भाषणात आधाराबद्दलच बोलायचं ना?”

हे सगळं मॅडमनी आल्याआल्या घरात सांगितलं, आणि तिथूनच भांडणाला तोंड फुटलं होतं.

“अगं, तिचं एक वर्ष जाईल, तुझी जन्माची संधी जाईल,” नवरा पेपराआडून बोलला. “आज गप्प बस. प्रोफेसर झालीस की कर ना तिचं भलं.”

“रीडरपदाची बढती मिळाली की करीन, असंही म्हणाले होते मी. तेव्हा दुसरी मुलगी होती. ती कॉलेज सोडून गेली.”

“आणि मी शेजारी सांगून बसलेय, सून प्रोफेसर झाली म्हणून!” सासूबाई म्हणाल्या.

“झाली?”

“होणारच होती ना! सांगायला काय मुहूर्त लागतो?”

नवऱ्यानं पेपर खाली ठेवला. आता बायको समजुतीनं घेईल, असं त्याला वाटलं असावं.

मॅडमनी ॲप्रन खुर्चीच्या पाठीवर टाकला.

“उद्या ती मुलगी भाषण करणार नाही, मी करणार आहे. तिची हजेरी कुणी खाल्ली ते पाहुण्यांसमोर सांगणार आहे. प्रोफेसरपद येणार नाही, असं धरून चाला.”