हक्की वकील

माझ्या मुलीचा काळा कोट कलबुर्गीत तिच्या सीनियर वकिलांच्या ऑफिसात, दाराजवळच्या खिळ्याला टांगलेला असतो. रविवारनंतर तो तिथं राहील का, या काळजीनं मी तीन रात्री काढल्या. आज संध्याकाळी तिचा फोन आला, कोट राहणार म्हणून कळलं, आणि तरीही झोप नाही. म्हणून लिहायला बसले.

मल्लेश्वरी पंचवीस वर्षांची. आम्ही सीमेवरच्या राजेश्वर गावचे. तिच्या वडिलांचं, महेशकुमारांचं, बी-बियाण्याचं दुकान. घरात मराठी, दुकानात कन्नड आणि भांडण लागलं की दोन्ही. ती नववीत असताना धोंडप्पा नावाच्या शेतकऱ्याचं सोयाबीन उगवलंच नाही. त्याला लिहिता येत नव्हतं. हिनं बसून त्याला तक्रारअर्ज लिहून दिला, आणि त्यात कंपनीच्या खाली आमच्या दुकानाचंही नाव घातलं. वडील आठ दिवस तिच्याशी बोलले नाहीत. पुढं कंपनीनं पिशव्या बदलून दिल्या, तेव्हा तेच गावभर सांगत फिरले, "आमच्या मल्लूनं लिहिला बरं का तो अर्ज."

कलबुर्गीत वकिली शिकली आणि तिथंच शिवशंकरप्पा वकिलांकडे ज्युनियर राहिली. माणूस बोलायला करडा, पण पोरींना शिकवणारा. दीड वर्षापूर्वी तिनं आणि तिच्या मैत्रिणींनी महिन्यातून एका रविवारी चर्चा सुरू केली. वकील यायचे, कायद्याचे विद्यार्थी यायचे, कुणालाही येऊन ऐकता यायचं. विषय नागरी हक्कांचे. अटक, जामीन, सभाबंदी असले. पहिल्या वेळचा फलक रंगवणाऱ्यानं एका मात्रेचा घोळ केला. कन्नडमध्ये हक्कू म्हणजे आपला हक्क आणि हक्की म्हणजे पक्षी. त्यानं 'नागरिक हक्की' लिहिलं. तेव्हापासून कोर्टात हिचं नाव हक्की वकील पडलं. शिवशंकरप्पाच विचारतात, "काय हक्की, या रविवारी किती पाखरं जमणार?"

त्या चर्चेचे दोन नियम आहेत. बोलणाऱ्यांनी चिठ्ठी उचलायची आणि येईल त्या बाजूनं बोलायचं, मग मनात काही का असेना. चिठ्ठ्या ठेवतात मी दिलेल्या चिवड्याच्या डब्यात. दुसरा नियम म्हणजे पुढं एक खुर्ची वकील नसलेल्या माणसासाठी. विषय ज्याच्यावर बेतलाय असं कुणीतरी तिथं बसतं आणि सगळ्यात आधी बोलतं.

कुणी मिळालं नाही म्हणून एकदा मलाच बसवलं. विषय होता अटकेचा. माणसाला धरलं की का धरलं ते सांगावं लागतं, असं एकजण समजावत होता. मी उदगीरची बी. ए., लग्नानंतर इकडं येऊन कन्नड शिकलेली. सहज तोंडून गेलं, "कोणत्या भाषेत सांगतात?"

पोरं हसली. मग त्यावरच तासभर वाद चालला. निघताना शिवशंकरप्पा म्हणाले, "अक्का, हा प्रश्न आमच्या पुस्तकात होता, डोक्यात नव्हता." मी आठ दिवस खुशीत होते.

हेच शिवशंकरप्पा या वेळी बिथरले. शेजारच्या एका तालुक्यात टेम्पोची धडक बसून एक वकील गेले. रस्त्यावर आधी बाचाबाची झाली होती, त्यामुळं टेम्पो चालवणाऱ्या पोरानं मुद्दाम गाडी घातली असा खुनाचा गुन्हा लागला. तिथल्या वकिलांनी ठराव केला, या पोराचं वकीलपत्र कुणी घ्यायचं नाही. सरकारनं दिलेला वकीलही दर तारखेला आजारी पडतो. पोरगं चार महिने आत आहे. मल्लेश्वरीनं या रविवारी हाच विषय ठेवला.

शिवशंकरप्पा तिला म्हणाले, "गेलेला माणूस कॉलेजात माझ्या शेजारच्या बाकावर बसायचा. आम्हाला दुःख करायचा हक्क न्हाई व्हय? त्या ठरावाविरुद्ध बोलायचं असंल तर कोट घेऊन जा खिळ्यावरनं."

ते चूक बोलले असं मला म्हणता येत नाही. आपलं माणूस गेल्यावर कुणाला दुसऱ्या बाजूचं ऐकवतं? पण ज्याचं ऐकायलाच कुणी नाही, त्या पोरानं काय करावं?

आणि परवा ते पोरगं कुणाचं हे मला कळलं. लिंगम्मा आमच्या ओट्यावर येऊन बसली. जवळच्याच गावची, दुसऱ्याच्या रानात कामाला जाणारी. दुकानात कुणीतरी तिला सांगितलं होतं.

"अक्का, तुमची लेक हक्काचं बोलती म्हनं. माझ्या राजपालसाठी उभी ऱ्हाईल का?"

मी चहा दिला. कोटाचा खिळा डोळ्यांपुढं आला आणि म्हणाले, "ती अजून शिकायलीय."

लिंगम्मानं मान हलवली. "शिकू द्या," म्हणाली. "शिकू द्या पोरीला." जाताना तिनं कॅलेंडरच्या फाटक्या पानामागं मला आपला नंबर लिहून ठेवायला लावला. शिक्षण झालं की कळवा म्हणाली.

हे मी मल्लेश्वरीला सांगितलं नाही.

आज फोनवर ती हसतच होती. "अव्वा, चिठ्ठी निघाली. मला ठरावाच्या बाजूनं बोलायचंय. सर म्हनले, मग खुशाल बोल."

"बरं झालं की," मी म्हणाले.

"काय बरं झालं? समोरच्या बाजूला सेकंड इयरची पोरगी हाय, तिच्याकडं सांगायला काही न्हाई. त्या पोराच्या घरचं कुनी भेटलंच न्हाई. दोन वेळा त्या गावाला जाऊन आले, बाई रानात गेलेली. खुर्ची मोकळीच ऱ्हानार."

मी कॅलेंडरच्या त्या पानाची घडी घातली.

"अव्वा, ऐकायलीस ना? कामून बोलत न्हाईस?"

"भाजी लागायलीय," असं सांगून फोन ठेवला. गॅसवर काहीच नव्हतं.

तीन दिवसांत दुसऱ्यांदा खोटं बोलले. पहिलं लिंगम्माशी, दुसरं पोटच्या पोरीशी, आणि दोन्ही एकाच खिळ्यापायी. लिंगम्मा त्या खुर्चीत बसली तर शिवशंकरप्पांना वाटेल हिनंच आणली. मल्लेश्वरी ठरावाच्या बाजूनं कितीही चांगली बोलली तरी कोट जाईल बहुतेक. पण तिनं बापाच्या दुकानाचं नाव अर्जात घातलं होतं, तेव्हा मी तिला शाई आणून दिली होती. आता माझ्या काळजीचं नाव पुढं करून एका बाईला ओट्यावरूनच परत पाठवावं, हे मला झेपत नाही.

कोट घरी आला तर येऊ दे. दाराजवळ आमच्याकडंही एक खिळा आहे. त्याला सध्या पिशवी असते.

कॅलेंडरचं पान पुढ्यात ठेवलंय. लिंगम्मा भाकरी करून साडेपाचलाच रानात जाते, म्हणजे फोन त्याआधी लागला पाहिजे. आधी मल्लेश्वरीला विचारावं असंही वाटलं. पण ती नाही म्हणणार नाही हे मला ठाऊक आहे, मग विचारून कोटाचा निर्णय तिच्यावर कशाला टाकू? पाचचा गजर लावलाय. लिंगम्माला सांगेन, माझी लेक शिकलेली आहे, मी खोटं बोलले. रविवारी सकाळच्या गाडीनं कलबुर्गीला जाऊ, मी सोबत येते.