मले गानं आयकू दे बे

सूड घ्यायला लोक कोर्टात जातात, रातोरात बांध कोरतात, एखादा तर सरपंचाच्या निवडणुकीला उभा राहतो. मी गाण्यांचं ॲप निवडलं.

कारण माझा साडू. बायकोच्या मोठ्या बहिणीचा नवरा. जन्म रोहिणखेडचा. बारावीपर्यंत शेंबूड अन् भाषा दोन्ही अस्सल वऱ्हाडी. मग पुण्याला नोकरी लागली अन् तिसऱ्या दिवसापासून गडी नाकातून बोलायला लागला. मागच्या दिवाळीत आम्ही नवरा-बायको त्याच्याकडं गेलो, तर हॉलमध्ये नवीन म्युझिक सिस्टीम मांडलेली. माणसाच्या उंचीचे दोन स्पीकर. सोसायटीतली मंडळी ऐकायला बोलावलेली अन् सगळी डोळे मिटून अशी बसलेली, जणू कुणाच्या तेराव्याला आलीत. आलाप संपला अन् माझी बायको अगदी मनापासून म्हणाली, "भाऊजी, मले तर अंगावर काटाच आला!"

साडूनं एक डोळा उघडला. "मले?" असं म्हणून तो पाहुण्यांकडं वळला. "मले, तुले, त्याले! आमच्या मेहुणीबाई अजून मोनोच आहेत बरं का, स्टिरिओ व्हायच्यात."

सगळे हसले. बायकोही हसली. ते हसणं मी ओळखतो. देवळाबाहेर चप्पल चोरीला गेल्यावर माणूस चारचौघांत हसतो, तसं.

बुलढाण्याला परत आलो, तिनं कुलूप उघडलं अन् म्हणाली, "मला जरा पाणी ठेवायचंय चहाला." मला! मी मागं वळून पाहिलं, दुसरी कोणी आत शिरली की काय. त्या दिवसापासून घरात 'मला' अन् 'तुम्हाला'. 'काऊन' गेलं, 'का बरं' आलं. भाजीवालीशी भाव करतानाही ती अडखळायची, अन् अडखळण्यापेक्षा बरं म्हणून हळूहळू बोलायचीच कमी झाली. माझ्या घरातली बाई निघून गेली होती अन् तिच्या जागी बातम्या देणारी येऊन बसली होती. मी मनात म्हटलं, साडूभाऊ, हे 'मले' तुम्ही नेलं, आता तुमच्याच तोंडून परत काढतो.

धाड गावात माझं खत-बियाण्याचं कृषी केंद्र आहे. सोयाबीनचा हंगाम उरकला तसा मीही सिस्टीम आणली. इतकी वजनदार, की जीपची पुढची चाकं घाटभर हवेत होती. पहिल्या दिवशी बटण दाबलं तर शेजारणीचे गच्चीवरचे पापड उडून तिसऱ्या गल्लीत वाळले. पार लांबच्या सुलतानपूरहून एका गिऱ्हाइकाचा फोन आला, "दादा, आवाज कमी करा ना, म्हशीनं पान्हा चोरला!"

पण यंत्र म्हणजे नुसती रिकामी टाकी. गाणी येतात इंटरनेटवरून, अन् त्यासाठी एखाद्या ॲपची वर्गणी भरावी लागते. कोणतं घ्यावं? सगळी पहिला महिना फुकट देतात, बियाण्याच्या कंपन्या पिकाचा नमुना-प्लॉट दाखवतात तसा. मी तीन ॲप पेरून पाहिली.

पहिल्याचा आवाज इतका स्वच्छ, की तबलजीनं मांडी खाजवली तरी कळायचं. पण एका वर्गणीत एकच माणूस. सुडाला दोन लागतात. ते उपटून टाकलं. दुसऱ्याला बोलून हुकूम करता यायचा, पण त्याच्याच ठरावीक इंग्रजी हाकेनं. मी म्हटलं, "मले काही जुनं लाव." त्याला 'मले' कळलं नाही, 'माळी' कळलं, अन् त्यानं झाडांना पाणी घालायच्या सूचना सुरू केल्या. तेही गेलं.

तिसऱ्याचा आवाज बेताचाच. पण त्यात एका वर्गणीवर अख्खं कुटुंब, अन् कुटुंबातली सगळी यंत्रं कोणत्या वाक्यानं जागी व्हावीत, हे ठरवणार कुटुंबप्रमुख. म्हणजे वर्गणी भरणारा. वाक्य त्यानं स्वतःच्या आवाजात भरायचं, अन् उच्चार किती जुळला पाहिजे तेही त्यानंच सांगायचं: सैल, मध्यम, कडक. ते वाचलं अन् मी दुकानात खताच्या पोत्यावर चढून नाचलो. आवाजाचा दर्जा गेला उडत. कुऱ्हाड घेताना दांड्यावरची नक्षी कोण पाहते?

साडूला फोन लावला. "साडूभाऊ, आमच्या गान्याच्या प्लॅनमंदी एक जागा रिकामी हाय. तुमाले फुकट."

"फुकट म्हणजे?"

"फुकट म्हंजे फुकट."

"क्वालिटी कशी आहे?"

"थे तुमच्यासारख्या कानाच्या मानसालेच समजन."

त्याच दिवशी त्यानं स्वतःचं ॲप बंद केलं. मी घाई केली नाही. कंपनीचं साधं वाक्य तसंच राहू दिलं, मासा गळाशी रमू दिला. मग एकदा त्याचाच फोन आला: रविवारी तीच सोसायटीची मंडळी येताहेत, "आमची सिस्टीम आता नुसत्या आवाजावर चालते, हात लावायचा नाही," असं सांगून ठेवलंय सगळ्यांना. मी म्हटलं, "वा! लावूच नोका."

रविवारी सकाळी अंघोळ केली, देवाला फूल वाहिलं अन् ॲपमध्ये माझ्या आवाजात नवं वाक्य भरलं. मले गानं आयकू दे बे. उच्चार: कडक.

दुपारी मेहुणीचा, म्हणजे साडूच्या बायकोचा फोन. तिच्यानं बोलवत नव्हतं हसण्यानं. तिनं फोन तसाच हॉलकडं धरला. मी स्पीकरवर टाकला, बायकोला जवळ बसवलं.

तिकडून यंत्राचा गोड आवाज आला, "क्षमा करा. कुटुंबप्रमुखांनी ठरवलेलं वाक्य म्हणा. वाक्य आपल्या मोबाइलवर दिसत आहे."

मग साडूचं खाकरणं. "मले... गाणं ऐकू दे."

"क्षमा करा. उच्चार जुळत नाही."

"मले गाणं ऐकू दे, बे."

"क्षमा करा."

एका पाहुण्यानं विचारलं, "मले म्हणजे काय हो?"

मोबाइलवर बोट टेकवलं असतं तरी गाणं लागलं असतं. पण हात लावायचा नव्हता ना! आणखी दोनदा यंत्रानं क्षमा मागितली, अन् मग नळगंगेचं धरण फुटावं तसा माणूस फुटला. "अबे, मले गानं आयकू दे बे! कान फुटले काय बे तुले? काऊन डोकं खाऊन राह्यला माहं!"

सगळं रोहिणखेड बोललं. यंत्र ताबडतोब जागं झालं अन् गाणं सुरू झालं. ते संपल्यावर कोणीतरी अदबीनं विचारलं, "तुम्ही मूळचे कुठले?"

माझी बायको खुर्चीवरून घसरून फरशीवर बसली. पोट धरून हसत होती, डोळ्यांतून पाणी, त्यात उचकी. "थांबा ना... मले पानी द्या!"

मी पेला भरला, पण हातातच ठेवला. "काय म्हटलं?"

"मले पानी द्या म्हटलं! आयकू येत नाही काय तुमाले?"

दिलं.

संध्याकाळी साडूचा फोन आला. आवाजात दिवाळीतला तोरा नव्हता. "ते वाक्य जरा बदला."

"हाव, बदलतो ना."

बदललं. नवं वाक्य बायकोनं सुचवलं: मले, तुले, त्याले, समद्याईले गानं आयकू दे बे. ह्या वेळी आवाजही तिचाच भरला, अन् 'कडक'वर बोटही तिनंच ठेवलं. साडूनं प्लॅन सोडावा, दार उघडं आहे. पण फुकटचा आहे. मेहुणी सांगते, हे रोज सकाळी चहाच्या आधी म्हणतात, अन् उच्चार आता पहिल्याच झटक्यात जुळतो.