कंट्रोलर काकांच्या दोन खोल्या

कंट्रोलर काकांनी कधी कोणाला आडनाव विचारलं नाही. त्यात काय विशेष, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. पण जो आमच्या भागात चार दिवस राहिला आहे त्याला कळेल. आपल्याकडे पाहुण्याला पाण्याचा ग्लास देतानाच 'आपण कुठले, आडनाव काय' सुरू होतं आणि ग्लास परत घेईपर्यंत त्याचं गाव, सोयरे, जात सगळं हाती लागलेलं असतं. माझी आई तर एसटीत शेजारच्या सीटवरच्या बाईचं अख्खं खानदान दारव्हा यायच्या आत बाहेर काढते. मी बँकेच्या बदलीवर यवतमाळात आले, काकांच्या खालच्या खोलीसाठी दारात उभी राहिले आणि सवयीने नाव, आडनाव, गाव, वडिलांची नोकरी असं सगळं सांगायला लागले. काकांनी मध्येच हात वर केला. "नाव समजलं, मॅडम. पंखा लावून पाहा आधी. आवाज करते थो."

दिग्रसच्या स्टँडवर ते एसटीचे कंट्रोलर होते. निवृत्तीनंतर यवतमाळात सरकारी दवाखान्याजवळ घर बांधलं. काकू वारल्या, मुलगा मंगेश नोकरीसाठी पुण्याला गेला आणि वरच्या दोन खोल्या रिकाम्या पडल्या. मंगेशनेच त्या एका ॲपवर टाकल्या. पेशंटचे नातेवाईक, परीक्षेला आलेली पोरं, कळंबच्या चिंतामणीला जाणारी कुटुंबं येऊ लागली. काका पाहुण्यांचं स्वागत स्टँडवरच्या थाटात करत. गेटवर उभं राहून सूचना चालायच्या: "बादली भरून ठेवा. नळ गेला की मंग माह्या नावानं बोंबलान!" निघणाऱ्या पाहुण्याला कुठली गाडी कुठून सुटते ते न विचारता सांगत आणि त्याने रिक्षाच करायचं ठरवलं असलं तर चक्क रुसत.

त्या ॲपवर खोली द्यायच्या दोन तऱ्हा होत्या. एक इन्स्टंट, म्हणजे पाहुण्याने बटण दाबलं की खोली त्याची. दुसरी रिक्वेस्ट. तिच्यात पाहुणा आधी विचारणार, मालक त्याचा फोटो आणि माहिती बघून हो किंवा नाही म्हणणार. काकांचं पहिल्या दिवसापासून इन्स्टंट. मी एकदा म्हटलं, "काका, कोण येतंय ते आधी बघून घ्यावं ना." काका बशीत चहा ओतत म्हणाले, "कंडक्टर पाहते काय, कोण चढून राह्यलं म्हणून? सीट खाली हाय, बसा."

मग एका लग्नासाठी आलेल्या टोळक्याने वरच्या खोलीत दारू पिऊन बेसिन फोडलं. शेजारी भांडायला आले. पुण्याहून मंगेशचा फोन आला आणि त्याने तिकडूनच इन्स्टंट बंद करून रिक्वेस्ट चालू केली. ॲप दोघांच्याही मोबाइलवर होतं, त्यामुळे उत्तर दोघांपैकी कोणीही देऊ शकत होतं. त्या दिवसापासून घरात ताण सुरू झाला. मोबाइल वाजला की काका हातातला घास ताटात टाकून उठत आणि उष्ट्या बोटानेच 'हो' दाबत. मंगेशने प्रोफाइल बघायच्या आत आपण दाबलं पाहिजे, अशी शर्यतच लागायची. बापलेक फोनवर भांडत, मग दोन दिवस बोलत नसत. मी काकांना म्हटलं, "जेवून घ्या हो, पाहुणा काही पळून जात नाही." तर चिडलेच माझ्यावर. "मंगेश तिकडं मोबाइल हातात घेऊन बसला असन. माणूस इचारून वाट पाहते नं, तवा बारीक होत जाते."

त्याच दिवशी त्यांनी सांगितलं. काकांचं घराणं बौद्ध. पहिली नेमणूक झाली तेव्हा ते त्या गावात खोली शोधत फिरले होते. "पह्यले म्हणत, खोली हाय. मंग आडनाव इचारत. मंग म्हणत, भाचा येणार हाय राहाले. त्या गावात साऱ्याइचेच भाचे येणार होते, बाप्पा!" असं म्हणून ते हसले. मला हसू आलं नाही. पुढचे कित्येक महिने ते स्टँडच्या पार्सलखोलीत झोपले होते.

वैशाखातला रविवार होता. दुपारी काकांचा मोबाइल वाजला आणि त्यांनी मला हाक मारली. मेसेज नेहमीपेक्षा लांब होता. "सर, मी लक्ष्मण. बायकोचं सिझर झालं आहे. बाळ काचेच्या पेटीत आहे. आठ दिवस खोली पाहिजे. आम्ही कोलाम आदिवासी आहोत, पांढरकवड्याकडच्या पोडावरचे. मागून विचारण्यापेक्षा आधीच सांगितलेलं बरं. स्वयंपाकघर वापरणार नाही. चालत असेल तर हो म्हणा."

काकांनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढून डोळे पुसले. परत चष्मा लावून 'हो' दाबायला बोट पुढे केलं, तर बटणं नाहीशी झाली होती. खाली आलं होतं: विनंती नाकारली.

"मी तं दाबलंच नाही," काका माझ्याकडे बघून म्हणाले. मंगेशला फोन लावला, तो उचलेना. लक्ष्मणचा नंबर मिळायची सोय नव्हती, कारण बुकिंग पक्कं झाल्याशिवाय ॲप नंबर दाखवत नाही. मी मेसेज टाकला, 'चुकून झालं, या'. वाचल्याची खूण दिसेना. काकांनी चपला घातल्या.

"काका, ऊन बघा बाहेर. मंगेशचा फोन येऊ द्या," मी म्हटलं.

"तवरक थो माणूस काय समजून बसन?" म्हणत ते फाटकाबाहेर पडलेसुद्धा. मी छत्री घेऊन मागे धावले.

दवाखान्याच्या आवारात झाडाखाली, पायऱ्यांवर, शेडमध्ये माणसंच माणसं होती. काका नळापाशी नुसते उभे राहिले. मला आधी कळेना, आता का थांबले. मग कळलं. त्या गर्दीतून लक्ष्मणला शोधायचं तर एकेकाला नाव विचारायला हवं होतं.

"मी विचारू का?" मी म्हटलं. त्यांनी मानेनेच नको म्हटलं आणि ते स्वतःच पहिल्या माणसापुढे वाकले. "भाऊ, तुमचं नाव?" तो ताठ झाला. "काहून?" दुसऱ्याने नाव, आडनाव, तालुका एका दमात सांगितलं, साहेबापुढे सांगतात तसं. एका बाईने उत्तर न देता गाठोडं जवळ ओढलं. काका घामाघूम झाले होते आणि प्रत्येकाला हात जोडून सांगत होते, "फक्त नाव, भाऊ. पुढचं नोको." जन्मभर जे टाळलं, ते या माणसाला एका दुपारी शंभर जणांना विचारावं लागत होतं. मला मंगेशचा इतका राग आला की तो समोर असता तर काही खरं नव्हतं.

शेडच्या टोकाला इस्त्रीच्या शर्टातला एक तरुण डबा मांडीवर घेऊन बसला होता. "लक्ष्मण," तो एवढंच म्हणाला.

"मी खोलीवाला," काका म्हणाले.

तो उठून उभा राहिला. "राहू द्या, काका. इथं सोय झाली आमची."

"थे 'नाही' मी म्हटलं नाही."

"बरं." हे 'बरं' त्याने पूर्वीही बऱ्याच जणांना म्हटलेलं असावं. त्याचं लक्ष पुन्हा डब्याकडे गेलं.

तेव्हा काकांनी त्याला आपलं पूर्ण नाव सांगितलं. आडनाव, गाव, आपण कोण, सगळं. भर गर्दीत, कोणी न विचारता. "मलेही फिरवलं हाय लोकाइनं," ते म्हणाले. "भाचा येणार हाय म्हणत."

लक्ष्मणने मान वर केली. "मले साळा येणार हाय म्हणून सांगतलं," तो म्हणाला आणि पहिल्यांदा थोडासा हसला. काकांनी खाली वाकून त्याची पिशवी उचलली. त्याने ती त्यांच्या हातून काढून घेतली, पण तो आमच्याबरोबर निघाला.

संध्याकाळी मंगेशचा फोन आला. काकांनी स्पीकर लावला. "बाबा, मी मेसेज पूर्ण वाचलाच नाही," तो कळवळून सांगत होता. "प्रोफाइलला फोटो नव्हता म्हणून नाही म्हटलं. त्या कारणानं मी नाही म्हणेन का? मी तुमचाच मुलगा आहे."

"मले मालूम हाय, बापू," काका म्हणाले. "पण त्याले कसं मालूम होईन?"

रात्री जेवायच्या आधी मंगेशने खोल्या पुन्हा इन्स्टंटवर टाकल्या होत्या.

लक्ष्मणचं बाळ पेटीतून बाहेर आलं. माझी बदली नागपूरला झाली आणि गेल्या हिवाळ्यात काका गेले. मला फार आठवण येते त्यांची. आता मीही घराची वरची खोली ॲपवर देते. मध्यंतरी छताचं काम निघालं आणि एकाचं झालेलं बुकिंग रद्द करावं लागलं. रद्द करण्याआधी मी त्याला कारण लिहिलं, पोपडे निघालेल्या छताचा फोटो पाठवला, वर फोनही केला. तो मजेत होता. "एवढं कशाला, मॅडम? नुसतं नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं," म्हणाला. त्याला कधी कोणी नुसतं 'नाही' म्हटलेलं नसावं.